हातचा

एप्रिलची सकाळची शाळा.
दुसरीच्या हजेरीत सतरा नावं, वर्गात सहा डोकी.
बाकीची पहाटेच गेलीत जंगलात, तेंदूची पानं तोडायला.
दहाच्या सुमाराला येतात, बोटं हिरवट काळी,
आधी हापशीवर पाणी पितात, मग मला बघून हसतात.

लोमेशच्या पाटीवर सात अधिक पाच.
दहावर त्याची बोटं संपतात.
मग तो माझी मागतो. मी देते, दोनच लागतात.
पण बोटं परत घेतली
की बेरीजही माझ्याबरोबर परत येते.

दोन महिने खडे मांडले. चिंचोके मांडले,
ते त्याने भाजून खाल्ले.
तालुक्याहून मणीमाळ आणली, तिचा दोरा तुटला,
मणी अजून सापडतात, झाडताना, कोपऱ्यात.

एका दुपारी त्याच्या अंगणात गेले,
गैरहजेरीचं बोलायला.
ढिगाभोवती आई, आजी, तो आणि धाकटी टिकेश्वरी.
पाच, पाच, पाच.
पानांचा आवाज येत होता, आकड्यांचा नाही.
चौदा वेळा पाच झाले की पुडा,
पळसाच्या वाकाने आवळून गाठ.
"किती झाले रे?" आजी.
वर न बघता तो म्हणाला,
"सात पुडे, आनि ह्या हातात पंधरा."
मी तिथेच उभी. पायाला मुंग्या चावत होत्या,
तरी उभी.
"मॅडम, याले काई येते का?" आईनं विचारलं.
"येते," म्हटलं,
आणि हजेरीचं बोलायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात पानं.
"दहाचा पुडा बांधायचा," मी सांगितलं.
"मुन्शी घेनार नाई मॅडम!" सगळा वर्ग हसला.
सात पानं. पाच पानं. दहा झाली, गाठ मारली.
"पुडा एक, सुटी दोन."
त्याने एक लिहिला, थांबला, माझ्याकडे पाहिलं:
हा एक म्हंजे पुडा ना?
हो रे बाबा, पुडाच.
पुस्तक त्याला दशक म्हणतं,
आणि जागा बदलताना हातचा.

वाचताना मात्र जिभेशी गाठ.
पुस्तकात शाळा, तो वाचतो सारा.
डोळा, डोरा. फळा, फरा.
बोट अगदी ळ-च्या खाली, आणि तोंडातून र.
त्याला काय बोलू? मी अकोल्याकडची.
आमच्याकडे शाया. आमच्याकडे डोया.
पहिलीत कानाची पाळी पिरगाळून
मला ळ शिकवला होता,
तो कानात राहिला, जिभेपर्यंत पोचायला वर्षं लागली.
अजूनही आईचा फोन आला
की मी शायेतच असते.

आज लोमेशनं कशातही न बघता
पाटीवर लिहिलं, आपल्या मनानं, पहिल्यांदा:
माजी सारा जंगलाजवर आहे.

मी ओल्या फडक्यापर्यंत हात नेला,
मागे घेतला.
सारा म्हणजे सगळं, हे त्याला माहीत नसेल.
मला होतं.
खाली माझ्या अक्षरात लिहिलं:
माझी शाळा जंगलाजवळ आहे.
त्याने दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं,
वरून खाली, खालून वर,
एका जागी अडला, वाकून बघितलं.
"मॅडम, ह्या अक्षराले दोन डोरे आहेत."
आहेत खरे. इतकी वर्षं शिकवते,
मला कधी दिसले नव्हते.

केंद्रप्रमुखांचा तक्ता आलाय, स्तर भरायचे:
प्रारंभिक, अक्षर, शब्द, वाक्य.
लोमेशपुढे मी वाक्य लिहिलं.
शेऱ्याच्या रकान्यात जागा थोडी होती, बारीक अक्षरात मावलं:
ळ हातचा ठेवला आहे.
पुढच्या घरात मिळवू.